एका डबीत सगळ्या रोगांवर इलाज: व्हिक्टोरिया राणीच्या काळातली 'पेटंट' औषधं

मैत्रेयी_प

काळाबोळ (कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या घराघरात पोचलेल्या 'बीचम्स पिल्स'मध्ये एवढंच होतं. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातली गुप्त कृतीची औषधं विकत आणली, त्यांचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं आणि त्याचं पुस्तकच छापलं. त्यात ही नोंद आहे. ५६ गोळ्यांची डबी, किंमत १ शिलिंग दीड पेनी. आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, आणि शिलिंग म्हणजे बारा पेन्स. साडेतेरा पेन्सच्या डबीत एक अष्टमांश पेनीचा माल, म्हणजे १०८ पट भाव. आणि जाहिरातीतलं घोषवाक्य काय, तर 'डबीला मोल एका गिनीचं'. गिनी म्हणजे २१ शिलिंग!

या गोळ्या कशावर चालतात त्याची यादी जाहिरातीत असे. पोटातला वारा, पित्ताची डोकेदुखी, चक्कर, जेवणानंतरचं जडपण, अंगावर काटा, धाप, मलावरोध, त्वचेवरचे चट्टे, झोपमोड, भीतिदायक स्वप्नं. मुळात हे सौम्य जुलाबाचं औषध. थॉमस बीचम लहानपणी मेंढरं राखायचा, पुढे बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहून गोळ्या विकायला लागला, १८५९ मध्ये त्याने सेंट हेलेन्सला कारखाना काढला. मुलगा जोसेफ याने जाहिरातीवर पैसा ओतला. १८९० च्या सुमारास हा खर्च वर्षाला लाख पौंडांच्या घरात गेला होता.

हे वाचून 'काय भोळे लोक' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही, म्हणूनच हा धागा काढला आहे. त्या काळच्या मोठ्या डॉक्टरची फी गिनीत मोजली जाई आणि शेतमजुराला आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळत. बरं, फी भरून मिळायचं काय? शतकाच्या पूर्वार्धात जळवा, रक्त काढणं आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तो इतका दिला जाई की तोंडातून लाळ गळायची आणि दात हलायचे. अशा वेळी शिलिंगभर पैशांत सुंठ-काळाबोळाची गोळी घेणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याच्याकडे जे पर्याय होते त्यातला कमी त्रासाचा त्याने निवडला.

दोष कुठे होता? माझ्या मते तीन ठिकाणी. एक, कृती गुप्त ठेवायची मुभा. खरं पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागे, म्हणून ही बहुतेक औषधं कधीच पेटंट झाली नाहीत. दोन, सरकारी शिक्का. शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी कर होता (ती वरची दीड पेनी हीच), आणि कर भरल्याचा छापील कागद डबीवर चिकटवलेला असे. लोकांना वाटे, सरकारने तपासून शिक्का मारलाय. पुढे त्या कागदावर 'ही सरकारची हमी नव्हे' असं छापावं लागलं. आणि तीन, वर्तमानपत्रं. त्यांचं पोट या जाहिरातींवर चालत होतं. मेडिकल असोसिएशनच्या त्या पुस्तकाची जाहिरातसुद्धा बऱ्याच दैनिकांनी घेतली नाही.

तुम्हाला यातली कोणती औषधं, खटले, माणसं माहीत आहेत? लिहा. कुणाकडे जुन्या बाटल्या असतील तर लेबलवर काय लिहिलंय तेही सांगा.

केतकी_नाशिक

मस्त धागा. इनो त्याच काळातलं ना? आमच्याकडे पोटासाठी कमी आणि ढोकळ्यासाठी जास्त लागतं.

मैत्रेयी_प

हो केतकी. जेम्स क्रॉसली इनो हा न्यूकॅसलचा औषधविक्या. बंदराचं गाव, त्यामुळे खलाशी गिऱ्हाईक भरपूर, आणि त्यांच्यामार्फत 'फ्रूट सॉल्ट' जगभर गेलं. मग मागणी वाढली तसा त्याने लंडनला कारखाना हलवला. जाहिरातीत रक्तशुद्धीपासून तापापर्यंत सगळं होतं. प्रत्यक्षात खाण्याचा सोडा आणि फळातलं आम्ल. पाण्यात टाकलं की फसफसतं, आम्लपित्ताला तात्पुरता आराम पडतो, आणि ढोकळा फुगतो तोही त्याच वायूने. आज आपल्याकडच्या पुडीवर घटक म्हणून स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्ल अशी नावं प्रमाणासकट छापलेली असतात. हा बदल माझ्या दृष्टीने फार मोठा आहे. माल तोच राहिला, पण आता काय घेतोय ते कळतं.

डॉ_शिरीष

मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे मला या काळातलं सर्वात अस्वस्थ करणारं प्रकरण म्हणजे रडक्या बाळांची औषधं. गॉडफ्रेज कॉर्डियल, डॅल्बीज कार्मिनेटिव्ह, अॅटकिन्सन्स इन्फंट प्रिझर्व्हेटिव्ह. नावं बघा किती प्रेमळ! आत अफू.

गॉडफ्रेज कॉर्डियल म्हणजे साधारणपणे काकवी, पाणी, मसाल्याचे पदार्थ आणि अफूचा अर्क. प्रत्येक गावातला दुकानदार आपापल्या अंदाजाने बनवायचा, त्यामुळे एका दुकानातला चमचा आणि दुसऱ्या दुकानातला चमचा यांत किती फरक असेल याचा नेम नाही. त्यात आणखी एक भयंकर गोष्ट अशी की बाटली न हलवता ठेवली तर अफू तळाला बसायची. म्हणजे पंधरा दिवस बाळाला रोज तेच माप दिलं, बाळ ठीक होतं, आणि बाटली संपत आली तेव्हाचा तो शेवटचा चमचा कितीतरी पट तीव्र. आईने नेहमीचंच माप दिलेलं असायचं.

पण मृत्यू बहुतेक अशा एका डोसाने होत नव्हते. अफू दिलेलं बाळ झोपून राहतं, त्याला भूक लागत नाही, ते रडत नाही म्हणून कुणी पाजत नाही. महिनोन् महिने असं चाललं की बाळ सुकत जातं. १८६४ च्या सरकारी आरोग्य अहवालात पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागातल्या अशा बाळांचं वर्णन आहे: छोट्या म्हाताऱ्यांसारखी आकसलेली, माकडाच्या पिल्लासारखी सुरकुतलेली. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र 'अशक्तपणा' किंवा 'आचके' असं लिहिलं जाई. त्यामुळे अफूने किती मुलं गेली याचा खरा आकडा कधीच मिळणार नाही.

अमेरिकेत मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप होतं, १८४९ मध्ये मेन राज्यातल्या बँगोर गावातून निघालेलं. एका औंसात ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन! तान्ह्या बाळाला! ते इंग्लंडातही खपत होतं. दात येताना हिरड्या दुखतात त्यावर म्हणून.

मुक्ता_दे

वाचून अंगावर शहारे आले. कायदा नव्हता का काही?

डॉ_शिरीष

होता, पण त्यात भलंमोठं भोक होतं. १८६८ च्या फार्मसी अॅक्टने अफूची विक्री नोंदणीकृत औषधविक्यापुरती ठेवली, बाटलीवर 'विष' असं लिहिणं आणि विक्रेत्याचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्याआधी किराणा दुकानातसुद्धा अफू मिळे. मात्र पेटंट औषधांना या कायद्यातून सूट दिली! म्हणजे साध्या बाटलीतली अफू विष आणि शिक्क्याच्या बाटलीतली अफू औषध. ही पळवाट बुजायला १८९० चं दशक उजाडलं, तेही न्यायालयाच्या निकालांमुळे.

गिरणगाव_लेक

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं ठरवलं. हे फक्त तिकडचं नाही. आपल्याकडे मुंबईत याला बाळगोळी म्हणत. अफूची बारीक गोळी, कधी जायफळ-केशराबरोबर. आई गिरणीत गेली की बाळाने झोपून राहावं म्हणून. १८९३ ला नेमलेल्या अफू कमिशनच्या कामकाजात पश्चिम भारतात मुलांना अफू देण्याच्या चालीची चर्चा आहे, आणि १९२९ च्या मजूर कमिशननेही कामकरी बायकांच्या मुलांना अफू दिली जाते याची दखल घेतली, पाळणाघरांची गरज सांगितली.

मँचेस्टरची कापडगिरणी आणि परळची कापडगिरणी, दोन्हीकडे बाई दहा-बारा तास साच्यासमोर उभी, बाळ शेजारणीच्या नाहीतर म्हातारीच्या ताब्यात. त्या म्हातारीकडे पाच-सहा मुलं. ती काय करणार? लोक लगेच आयांना नावं ठेवतात. तेव्हाही ठेवत होते. इंग्लंडातल्या पाद्र्यांनी आणि डॉक्टरांनी गरीब आयांच्या अज्ञानावर खूप लिहिलं, आणि श्रीमंताघरच्या दाया तेच सिरप गुपचूप पाजत होत्या त्यावर फार कमी. ज्या बाईला पगारी रजा नाही, पाळणाघर नाही, तिला 'अफू देऊ नकोस' एवढंच सांगून काय होणार होतं?

आणखी एक. ही अफू कुठून आली ते बघायला हवं. इंग्लंडात वापरली जाणारी बरीचशी तुर्कस्तानची होती. आपल्या माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि त्या व्यापारावर मुंबईतली कित्येक घराणी मोठी झाली. त्याच मुंबईच्या चाळीत बाळगोळी होती.

मैत्रेयी_प

ताई, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. मनापासून धन्यवाद.

वकिलीण_बाई

आमच्या पहिल्या वर्षाच्या करार कायद्याच्या वर्गात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो खटला याच विषयातला आहे. कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी. सविस्तर सांगते.

१८८९ पासून युरोपात इन्फ्लुएंझाची मोठी साथ चालू होती. फ्रेडरिक रो नावाच्या माणसाने रबरी चेंडू काढला. आत कार्बोलिक अॅसिड घातलेली पूड, वर एक नळी. नळी नाकात धरायची आणि चेंडू दाबायचा. पुडीचा धूर नाकात, डोळ्यांतून पाणी, शिंका. किंमत १० शिलिंग, म्हणजे मजुराचा जवळपास आठवड्याचा पगार. (लिस्टरने शस्त्रक्रियेत कार्बोलिक अॅसिड वापरून जंतुसंसर्ग कमी केला होता, त्यामुळे त्या नावाला शास्त्राचं वजन होतं. जाहिरातवाल्यांनी ते उचललं.)

नोव्हेंबर १८९१ मध्ये पॅल मॅल गॅझेटमध्ये जाहिरात आली: हा चेंडू दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड बक्षीस. आमची नियत साफ आहे हे दाखवायला रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवले आहेत. लुइसा कार्लिल या बाईंनी चेंडू घेतला, नेमाने वापरला, आणि १७ जानेवारी १८९२ ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला. नवरा वकिली करणारा. कंपनीला पत्र गेलं.

कंपनीचं म्हणणं: जाहिरात ही नुसती बढाई असते, तिचा करार कसा होईल? आम्ही साऱ्या जगाशी करार केला का? बाईंनी प्रस्ताव स्वीकारल्याचं आम्हाला कळवलं का? डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी, लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ यांनी, हे सगळं फेटाळलं. बँकेत पैसे ठेवल्याचं तुम्हीच छापलं, मग बढाई कशी? प्रस्ताव साऱ्या जगाला देता येतो, आणि जो अट पुरी करतो त्याच्याशी करार होतो. अट पुरी करणं हाच स्वीकार. बाईंना १०० पौंड मिळाले. खालच्या न्यायालयात कंपनीची बाजू मांडणारे वकील होते एच. एच. अॅस्क्विथ, पुढचे पंतप्रधान.

आपला १८७२ चा करार कायदा शिकवताना आजही हा निकाल सांगितला जातो. मला त्यातली आवडती गोष्ट अशी की कार्लिलबाई थांबल्या नाहीत. 'जाहिरात आहे, जाऊ दे' असं हजारो लोक म्हणाले असतील.

मुक्ता_दे

भारी! आणि कंपनीचं पुढे काय झालं?

वकिलीण_बाई

रोने नवी कंपनी काढून पुन्हा जाहिरात दिली. या वेळी बक्षीस २०० पौंड, पण अटी इतक्या घातल्या की ते कुणाला मिळू नये. कार्लिलबाई १९४२ पर्यंत जगल्या, नव्वदी ओलांडून.

टेम्सकाठचा_मराठी

मी सरे परगण्यात राहतो. इथे एगमला लाल विटांचा एक राजवाड्यासारखा महाल आहे, फ्रान्समधल्या शाम्बोरच्या धर्तीवर बांधलेला. रॉयल हॉलोवे कॉलेज. रेल्वेतून उतरून टेकडी चढलं की समोर येतो आणि पहिल्यांदा बघणारा थबकतोच. ही सगळी इमारत गोळ्या आणि मलमाच्या पैशांतून उभी राहिली आहे.

थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये मलम विकायला सुरुवात केली, मग गोळ्या. सुरुवातीला जाहिरातींच्या बिलांपायी कर्जबाजारी होऊन तुरुंगातही गेला. बाहेर आल्यावर तो आणि त्याची बायको जेन पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत राबत. १८४२ मध्ये त्याचा जाहिरातखर्च वर्षाला ५,००० पौंड होता, १८५५ मध्ये ३०,०००, आणि १८८३ मध्ये तो वारला तेव्हा ५०,०००. त्याच्या जाहिराती आणि माहितीपत्रकं कितीतरी भाषांत छापली जात, त्यात हिंदुस्थानातल्या भाषाही होत्या. गोळ्यांत मुख्य काय, तर पुन्हा काळाबोळच, थोडं आलं वगैरे.

फक्त फ्रान्सात त्याचं जमलं नाही. तिथे १८०३ च्या कायद्यानेच गुप्त कृतीच्या औषधांवर बंदी होती. मैत्रेयीताई, तुमच्या पहिल्या मुद्द्याला हा पुरावा घ्या. इंग्लंडला असा कायदा करणं शक्य होतं, शेजारच्याने केला होता. त्यांनी केला नाही.

जेन गेल्यावर त्याने मुलींसाठी हे कॉलेज बांधायला घेतलं. १८८६ मध्ये खुद्द राणी उद्घाटनाला आली. त्या काळात मुलींना उच्च शिक्षण मिळणं किती अवघड होतं! जवळच व्हर्जिनिया वॉटरला मध्यमवर्गीय मनोरुग्णांसाठी मोठं रुग्णालय, १८८५ मध्ये सुरू. कॉलेजात त्याने विकत घेतलेली चित्रं आहेत. त्यातल्या एकट्या 'बॅबिलोनियन मॅरेज मार्केट'ला त्याने १८८२ मध्ये ६,६१५ पौंड मोजले होते. मी ते चित्र बघितलंय. लिलावात लग्नासाठी मांडलेल्या मुली रांगेत बसल्या आहेत, प्रत्येकीच्या चेहऱ्यावर वेगळा भाव.

मला या माणसाचा हिशोब एका खात्यात मांडता येत नाही.

रानवाटा

धागा माहितीपूर्ण आहे, पण एकाच बाजूने चाललाय असं वाटतं. आता पुढचं पाऊल म्हणजे कुणीतरी येऊन आजीचा बटवा आणि आयुर्वेदही त्याच टोपलीत टाकणार. पारंपरिक औषधांचं ज्ञान आणि या धंदेवाईक गोळ्या यांत फरक आहे. आणि त्या पेटंट औषधांतलीही काही खरोखर गुणाची होती, नाहीतर पन्नास-पन्नास वर्षं लोक घेतील कशाला?

डॉ_शिरीष

रानवाटा, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'हो, काही गुणाची होती' असंच आहे.

'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल' घ्या. कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या फुलफर्डने १८९० मध्ये तिचे हक्क अवघ्या ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जगभर विकल्या. त्यात लोहाचा क्षार होता. त्या काळात कारखान्यात, घरकामात राबणाऱ्या तरुण मुलींमध्ये रक्तक्षय प्रचंड होता. लोह पोटात गेल्यावर त्यांना खरंच बरं वाटलं असणार. फसवणूक तिथे होती जिथे त्याच गोळीने पक्षाघात बरा होतो असं छापलं.

बटव्याबद्दल म्हणाल तर माझी आजी जे उगाळायची ते मला समोर दिसायचं. वेखंड, सुंठ, हळकुंड, प्रत्येकाचे किती वेढे ते ती आईला सांगायची. त्यात लपवाछपवी नव्हती. या धाग्यात आक्षेप आहे तो लपवण्यावर.

मैत्रेयी_प

रानवाटा, मीही हेच म्हणेन. आणि 'लोक पन्नास वर्षं घेतील कशाला' याला एक जोड देते. बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. सर्दी, अपचन, अंगदुखी आठवड्यात जाते, आणि श्रेय शेवटच्या गोळीला मिळतं. जो बरा होतो तो कंपनीला पत्र लिहितो आणि ते छापून येतं. जो मरतो तो पत्र लिहीत नाही.

पत्रांवरून लिडिया पिंकहॅम आठवल्या. मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावच्या या बाईंनी १८७५ पासून बायकांच्या दुखण्यांवर वनस्पतींचा काढा विकला. त्यात मद्यार्क भरपूर होता. 'मिसेस पिंकहॅमना लिहा, बाईचं दुःख बाईलाच कळतं' अशी जाहिरात. पुरुष डॉक्टरपुढे मासिक पाळीबद्दल बोलायला लाजणाऱ्या हजारो बायकांनी मोकळेपणाने लिहिलं. बाई १८८३ मध्येच वारल्या होत्या, जाहिराती पुढे चालू! शेवटी १९०५ मध्ये एका मासिकाने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा आला.

आनंदयात्री_सातारा

क्लोरोडाइनबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्या आजोबांच्या तोंडी हे नाव कायम असे. पोट बिघडलं की 'क्लोरोडाइनचे थेंब'.

मैत्रेयी_प

त्याचा जन्मच हिंदुस्थानातला! जॉन कॉलिस ब्राउन हा इथल्या ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर. १८४८ मध्ये त्याने कॉलऱ्यासाठी हे मिश्रण केलं: अफूचा अर्क, भांगेचा अर्क, क्लोरोफॉर्म. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या ट्रिमडन गावात कॉलरा आला तेव्हा तिथेही वापरलं. १८५६ मध्ये सैन्य सोडून डेव्हनपोर्ट नावाच्या औषध-उत्पादकाबरोबर धंदा सुरू केला. फ्रीमन नावाच्या माणसाने 'खरं क्लोरोडाइन माझंच' म्हणून विकायला सुरुवात केली, १८६४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि क्लोरोडाइनचा जनक ब्राउनच असं न्यायाधीशांनी सांगितलं. जाहिरातीत मग तेही आलं. शिवाय मनिलाच्या ब्रिटिश वाणिज्यदूताने परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेलना कळवलं होतं की कॉलऱ्यावर क्लोरोडाइनशिवाय कशाचाच उपयोग होत नाही. हा मजकूर वर्षानुवर्षं जाहिरातीत छापला.

जिल्ह्याच्या दौऱ्यावर जाणारा गोरा अधिकारी असो की आगगाडीने निघालेलं कुटुंब, सामानात ही बाटली असायची.

डॉक्टर, याने कॉलरा बरा व्हायचा का?

डॉ_शिरीष

नाही. पण बरा झाल्यासारखं वाटायचं, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे. अफूने आतड्याची हालचाल मंदावते, कळ थांबते, जुलाबाच्या खेपा कमी होतात. साध्या हगवणीत आराम पडतो. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. खेपा कमी दिसल्या तरी पाणी आतड्यात साठतच राहतं. रुग्ण गुंगीत गेला की पाणी पिणंही थांबतं.

खरं उत्तर ब्राउनच्याही आधी सापडलं होतं. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावात थॉमस लॅटा या डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांना शिरेतून मिठाचं पाणी दिलं आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. पुढच्याच वर्षी लॅटा वारला आणि ते काम मागे पडलं. मिठाच्या पाण्याची जाहिरात करायला कोण पैसे घालणार? १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाणी पाजून हजारोंना वाचवलं, तोपर्यंत मधली जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

केतकी_नाशिक

औषधं झाली. त्या काळातल्या आरोग्य-सल्ल्यांबद्दल पण लिहा ना कुणीतरी. थंड पाण्याचे उपचार वगैरे?

टेम्सकाठचा_मराठी

माल्व्हर्नला जाऊन आलोय, म्हणून थोडं लिहितो. टेकडीच्या उतारावरचं गाव, झऱ्याचं पाणी प्रसिद्ध. १८४२ मध्ये डॉ. विल्सन आणि डॉ. गली यांनी तिथे जलोपचार सुरू केले. पहाटे उठवून ओल्या चादरीत गुंडाळणं, गार पाण्याने अंग घासणं, पोटावर ओली पट्टी, डोंगरावर चालणं. चहा, साखर, लोणी, मद्य बंद. चार्ल्स डार्विन पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी १८४९ मध्ये तिथे काही महिने राहिला आणि त्याला चांगलंच बरं वाटलं. काम बंद, मोकळी हवा, चालणं, साधं अन्न. बरं वाटणारच. आणि निदान पारा तरी पोटात जात नव्हता.

त्याच विश्वासाने १८५१ मध्ये त्याने आपली दहा वर्षांची लाडकी मुलगी अॅनी हिला गलींकडे नेलं. तिथेच २३ एप्रिलला ती गेली. माल्व्हर्नच्या चर्चच्या आवारात तिची समाधी आहे.

औषधनिर्माता_कोल्हापूर

मी औषधाचं दुकान चालवतो. आजचं थोडं लिहितो, विषय सोडून नाही.

आपल्याकडे १९५४ चा 'औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती)' कायदा आहे. परिशिष्टात दिलेल्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा, उंची वाढवणं. त्या यादीत 'ब्राइट्स डिसीज' असंही नाव आहे. रिचर्ड ब्राइट हा लंडनच्या गाइज हॉस्पिटलचा डॉक्टर, मूत्रपिंडाच्या विकाराचं हे व्हिक्टोरियन काळातलं नाव, आणि पेटंट औषधांच्या जाहिरातीत ते हमखास असे. आपल्या कायद्यात आजही ते बसलेलं आहे.

आणि तरी रोज गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून विचारतं, 'साहेब, हे साखर मुळापासून घालवणारं मिळेल का?' पाकिटावर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी इन्सुलिन बंद करून असली पूड तीन महिने घेतली आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो की पाकीट उलटं करा आणि मागचं वाचा. मागे काही नसेल तर घेऊ नका.

इंग्लंडात ही सक्ती यायला किती उशीर झाला बघा. १९१२ ला संसदेची समिती बसली, दोन वर्षं साक्षी घेतल्या, गुप्त औषधांचा व्यापार हे सार्वजनिक संकट आहे असा कडक अहवाल लिहिला. तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला, ज्या दिवशी इंग्लंड महायुद्धात उतरलं. कुणी वाचला नाही. घटक छापणं बंधनकारक झालं ते १९४१ मध्ये, आणि तो शिक्क्याचा करही तेव्हाच गेला.

मुक्ता_दे

डॉक्टर, एक घरगुती प्रश्न. ग्राइप वॉटर पण याच काळातलं ना? माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे, संध्याकाळी खूप रडते. सासूबाई म्हणतात आमची सगळी मुलं ग्राइप वॉटरवर वाढली. हा धागा वाचून आता भीती वाटायला लागली.

डॉ_शिरीष

मुक्ताताई, घाबरू नका, सासूबाईंनाही काही बोलू नका. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलं. बाळंतशेपांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, आणि तेव्हा थोडा मद्यार्क. अफू नव्हती. गॉडफ्रेच्या जमान्यात ही मोठीच सुधारणा होती. पुढे मद्यार्कही काढला गेला.

तरीही सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असंच आम्ही सांगतो, ग्राइप वॉटरही नाही, पाणीही नाही. अडीच महिन्यांच्या बाळाचं संध्याकाळचं रडणं फार सामान्य आहे, बहुधा बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की आपोआप कमी होतं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पोटावर हलक्या हाताने गोल मालीश करा, अंगाशी घेऊन फिरा, आणि तुम्ही थकलात की घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शी मध्ये रक्त दिसलं, बाळ दूध ओढत नसेल किंवा वजन वाढत नसेल तर मात्र वाट न बघता तुमच्या डॉक्टरांकडे न्या. वजन शेवटचं कधी केलं होतं? किती भरलं?

मुक्ता_दे

मागच्या आठवड्यात लसीच्या वेळी. पाच किलो शंभर. जन्माला दोन नऊशे होती.

डॉ_शिरीष

छान वाढते आहे. मालीश करून बघा, आणि पुढच्या लसीला गेलात की डॉक्टरांच्या कानावर घाला.